लायब्ररी निवडताना सपोर्टची तारीख आधी बघा

कळमन्यातल्या संत्र्याच्या अडत्याचं बिलिंग, धंतोलीतल्या दवाखान्याच्या अपॉइंटमेंट, कोचिंग क्लासचं फी पोर्टल, पतसंस्थेच्या खातेदारांसाठी पासबुकाचं पान. नागपुरातल्या चार-पाच जणांच्या ऑफिसांत होणारं वेबचं काम बहुतेक या जातीचं असतं. ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडवर, म्हणजे लायब्ररींवर, उभं असतं. बनवायला तीन महिने लागतात आणि चालतं सात वर्षं. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे नीट मिळतात, उरलेली वर्षं एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) रकमेत निभवायची असतात. त्यामुळे "ही लायब्ररी सारखी बदलते, ती बरी, स्थिर आहे" हा विषय आपल्याकडे थेट खिशाशी येऊन भिडतो.

पण यात माप चुकीचं लावलं जातं. वर्षात किती रिलीज आले हे मोजून लायब्ररी स्थिर की अस्थिर ते ठरवतात. वर्षाला पन्नास पॅच (छोट्या दुरुस्तीचे) रिलीज आले आणि एकानेही तुमचा कोड मोडला नाही, तर ती लायब्ररी स्थिर आहे. पाच वर्षांत एकच मेजर (जुना कोड मोडू शकणारं मोठं व्हर्जन) आला आणि त्याच दिवशी जुन्या ओळीची, म्हणजे आधीच्या मेजरखालच्या व्हर्जनांची, दुरुस्ती बंद झाली, तर ती अस्थिर आहे. माझ्या मते विचारायचा प्रश्न हा की नवी ओळ आल्यावर जुन्या ओळीला सुरक्षेची दुरुस्ती किती दिवस मिळते. त्याला जोडून दुसरा प्रश्न, काढून टाकायच्या गोष्टीची सूचना किती आधी मिळते.

जँगो (पायथनमधलं सर्व्हरचं फ्रेमवर्क) आणि अँग्युलर (ब्राउझरमधल्या पानांचं फ्रेमवर्क) शेजारी ठेवून बघा. दोघांचंही वेळापत्रक शिस्तीचं आहे, दोघंही ते पाळतात. जँगोचा फीचर रिलीज साधारण दर आठ महिन्यांनी येतो, आणि दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये एक एलटीएस (जास्त काळ आधार मिळणारं व्हर्जन) येतो: ३.२ एप्रिल २०२१ मध्ये, ४.२ एप्रिल २०२३ मध्ये, ५.२ एप्रिल २०२५ मध्ये. प्रत्येक एलटीएसला तीन वर्षं दुरुस्ती. दोन वर्षांनी नवा आणि तीन वर्षं आधार, म्हणजे मधे एक अख्खं वर्ष असं मिळतं की जुना आणि नवा दोन्ही सुरक्षित असतात. त्या वर्षातला तुमच्या ग्राहकाच्या सोयीचा महिना तुम्ही निवडायचा. अँग्युलरचा मेजर सहा महिन्यांनी येतो आणि त्याला एकूण अठरा महिने आधार, त्यातले शेवटचे बारा फक्त महत्त्वाच्या दुरुस्त्यांचे. मे २०२१ मधल्या १२ वर बनवलेलं काम तीन वर्षं कोणी उघडलंच नाही, तर मे २०२४ मध्ये समोर १८ उभा असतो. अँग्युलरची अपडेट कमांड एका वेळी एकच मेजर चढवते, म्हणजे सहा पायऱ्या. प्रत्येक पायरीला टाइपस्क्रिप्टची (अँग्युलरचा कोड लिहायची भाषा) आणि नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) वेगळी मर्यादा असते, आणि खरा वेळ तिथेच जातो. रोज त्याच प्रॉडक्टवर काम करणाऱ्या टीमला अँग्युलरची चाल उत्तम जमते, कारण दर सहा महिन्यांची पायरी छोटी असते आणि कोडमधले बरेच बदल कमांड स्वतः करून देते. वर्षातून दोनदा उघडायच्या प्रोजेक्टला ती चाल झेपत नाही. लायब्ररी वाईट नाही, जोडी जुळलेली नाही.

लाराव्हेलचा (पीएचपीतलं फ्रेमवर्क) मेजर ९ पासून दर वर्षी येतो, दोष-दुरुस्ती अठरा महिने आणि सुरक्षा दोन वर्षं. ६ नंतर एलटीएस नाही. म्हणजे लाराव्हेल घेतलं तर वर्षाला एक अपग्रेड एएमसीत धरलाच पाहिजे.

सूचनेची गोष्ट जँगोवरूनच नीट कळते. भाषांतराची जुनी फंक्शनं (नावाच्या सुरुवातीला यू असलेली) ३.० मध्ये नापसंत ठरवली गेली, यूआरएल लिहिण्याचं जुनं फंक्शन ३.१ मध्ये. दोन्ही प्रत्यक्षात निघाली ४.० मध्ये. तोवर ३.२ वर कोड व्यवस्थित चालत होता आणि दर वेळी इशारा देत होता. अडचण अशी की हे इशारे पायथन एरवी दाखवत नाही. टेस्ट चालवताना पायथनला डॅश-डब्ल्यू-ए हा पर्याय द्यावा लागतो, मग "रिमूव्ह्ड इन जँगो ४०" अशा नावाचे इशारे फाइल आणि ओळ क्रमांकासकट बाहेर येतात. हे महिन्यातून एकदा करणाऱ्याला मेजर अपग्रेड जेमतेम जाणवतो. न करणाऱ्याला ४.० टाकल्याबरोबर पहिल्याच इम्पोर्टवर अ‍ॅप उभं राहत नाही, आणि मग तो म्हणतो की जँगो फार बदलतं.

एक्सप्रेसचा (नोडवरचं सर्व्हरचं फ्रेमवर्क) नमुना अगदी उलटा. ४.० एप्रिल २०१४ मध्ये आला आणि ५.० सप्टेंबर २०२४ मध्ये. दहा वर्षं एकच मेजर, आणि तेवढा काळ ४ च्या ओळीत दुरुस्त्या येत राहिल्या. एएमसीवाल्याला याहून काय हवं? पण एवढ्या स्थिरतेतून एक सवय लागते: पॅकेजच्या यादीत एक्सप्रेस आहे हेच विसरायला होतं. मार्च २०२५ च्या अखेरीला ५.१ हाच एनपीएमवरचा (नोडची पॅकेजं जिथून येतात तिथला) चालू रिलीज झाला, तेव्हापासून व्हर्जन न लिहिता एक्सप्रेस इन्स्टॉल केलं की ५ येतो. जुना कोड त्यावर टाकला की पहिली ठेच लागते ती सगळे रस्ते पकडणाऱ्या नुसत्या तारा-चिन्हाला. एकपानी साइटची शेवटची ओळ बहुतेकांनी तशीच लिहिलेली असते. ५ मध्ये त्या ताऱ्यालाही नाव द्यावं लागतं, नाही तर "मिसिंग पॅरामीटर नेम" म्हणत सर्व्हर सुरूच होत नाही. ऐच्छिक भागासाठीचं प्रश्नचिन्हही गेलं, तिथे महिरपी कंस आले. ही ठेच बरी, कारण लगेच दिसते. दुसरा बदल मोलाचा आहे: ४ मध्ये असिंक (डेटाबेससारख्या उत्तराची वाट बघणाऱ्या) हँडलरमधली चूक स्वतः पकडून पुढे दिली नाही तर ती एरर हँडलरपर्यंत पोचत नसे, आणि नोड १५ पासून पुढे त्यामुळे अख्खा प्रोसेस बंद पडू शकतो. ५ ती चूक आपण होऊन एरर हँडलरकडे नेतो. एवढ्या एका कारणासाठीही मी ५ वर जायला सांगेन.

व्ह्यू या ब्राउझरमधली पानं बनवायच्या लायब्ररीकडून वेगळा धडा मिळतो. व्ह्यू ३ सप्टेंबर २०२० मध्ये आला आणि व्ह्यू २ चा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. कागदावर सव्वातीन वर्षं, भरपूर वेळ. पण ज्यांची सगळी पानं व्ह्यूटिफायवर (व्ह्यूसाठीच्या तयार बटणं-फॉर्मांच्या लायब्ररीवर) उभी होती, त्यांच्यासाठी व्ह्यू ३ वर चालणारा स्थिर व्ह्यूटिफाय २०२२ च्या शेवटी आला. म्हणजे हातात राहिलं साधारण वर्ष, सव्वा वर्ष. तारीख बघायची ती मूळ लायब्ररीची एकटीची नाही. तिच्यावर टेकलेली जी सर्वांत मागे राहणारी लायब्ररी तुम्ही वापरता, खरी मुदत तिथून मोजायची. एका कॅलेंडरच्या विजेटपायी अख्खा प्रोजेक्ट दोन वर्षं अडकू शकतो. म्हणून असं विजेट घेताना त्याच्याभोवती स्वतःचा एक पातळ कॉम्पोनंट लिहा आणि बाकी कोडने फक्त त्यालाच हाक मारावी. उद्या विजेट बदललं तर एकच फाइल बदलेल.

आता व्हर्जनच्या आकड्यांबद्दल. तीन आकडे क्रमाने मेजर, मायनर (जुना कोड न मोडता नवी सोय) आणि पॅच. पण हा लिहिणाऱ्याने दिलेला शब्द आहे, मशीनने तपासलेली गोष्ट नाही. एनपीएममध्ये व्हर्जनच्या आधी टोपीचं चिन्ह असलं की ^१.२.३ चा अर्थ १.२.३ पासून २.०.० च्या खालचं काहीही. लाटेचं चिन्ह असलं तर ~१.२.३ म्हणजे १.२.३ पासून १.३.० च्या खालचं. आकडा शून्याने सुरू होत असेल तर टोपी आपोआप आखडते: ^०.२.३ फक्त ०.३.० च्या खाली राहते आणि ^०.०.३ म्हणजे तेच एक व्हर्जन. शून्याच्या ओळीतली लायब्ररी प्रत्येक मायनरला मोडू शकते हे त्यात गृहीतच आहे.

शब्द पाळायचा म्हटलं तरी किती गुंता होतो ते रिअ‍ॅक्ट राउटरच्या (पत्त्याप्रमाणे पान दाखवणाऱ्या लायब्ररीच्या) ५ मध्ये दिसतं. तो खरं तर ४.४ म्हणून यायचा होता, जुना कोड मोडणारं त्यात काही नव्हतं. पण आधीच्या राउटर-डॉम पॅकेजने मूळ राउटर टोपी लावून मागितला होता. ४.४ निघाला असता तर जुना राउटर-डॉम आणि नवा राउटर एकाच प्रोजेक्टमध्ये येऊन बसले असते आणि दोघांचा मेळ बसला नसता. म्हणून आकडाच मेजर केला. उलट जेक्वेरी (पानावरचे घटक बदलणारी लायब्ररी) ३.५.० हा एप्रिल २०२० चा मायनर रिलीज. एचटीएमएल घुसवण्याच्या वाटेतली एक सुरक्षेची त्रुटी त्यात बुजवली, आणि ती बुजवताना स्वतःच बंद होणारे डिव्ह आणि स्पॅन लिहिण्याची सूट गेली. आधी जेक्वेरी असे टॅग गुपचूप उघड-बंद जोडीत बदलून घेई, आता ब्राउझर त्यांना उघडेच समजतो आणि पुढचा टॅग आधीच्याच्या पोटात शिरतो. पान मोडत नाही, नुसती मांडणी वाकडी होते. म्हणून मायनर अपडेटनंतर लॉग बघणं पुरत नाही, पानं डोळ्यांनी बघावी लागतात.

लॉक फाइलबद्दल (बसवलेल्या प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन नोंदवणारी फाइल) दोनच शब्द, कारण यावर खूप लिहून झालंय, तरी चुका त्याच होतात. लॉक फाइल गिटमध्ये असलीच पाहिजे. सर्व्हरवर आणि सीआयमध्ये (बिल्ड-टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) एनपीएम इन्स्टॉल नको, एनपीएम सीआय चालवा. तो नोड मॉड्यूल्सचा फोल्डर पुसून लॉकमधलीच व्हर्जनं बसवतो, आणि पॅकेजची यादी लॉकशी जुळली नाही तर थांबतो. एकाच प्रोजेक्टमध्ये यार्नची आणि एनपीएमची अशा दोन लॉक फाइली ठेवू नका. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स लायब्ररीच्या लेखकाने स्वतःच १.४.१ मध्ये कधीच न संपणारं लूप टाकलं. आकड्याने तो पॅच होता. लॉक होता त्यांच्याकडे त्या दिवशी काही झालं नाही. ज्यांच्याकडे फक्त टोपी होती, त्यांच्या स्क्रीनवर कचरा अक्षरांची रांग लागली. "भाऊ, काल तं चालत होतं, आज काऊन बंद पडलं?" या फोनचं उत्तर बऱ्याचदा इथे सापडतं: कोडमध्ये कोणी हात लावला नाही, पण डिप्लॉयच्या वेळी खालचं पॅकेज बदललं.

लॉक फाइल जे पकडत नाही ते म्हणजे नोड स्वतः. नव्या मुलाचा नवा लॅपटॉप, त्यावर नवा नोड, आणि वेबपॅक ४ (बिल्डचं साधन) वरचा जुना प्रोजेक्ट. बिल्ड लावली की "डिजिटल एनव्हलप रूटीन्स अनसपोर्टेड". कारण असं की नोड १७ पासून ओपनएसएसएल ३ आला, त्याने एमडी४ हे जुनं हॅश बाजूला टाकलं, आणि वेबपॅक ४ फाइलींचं हॅश त्यातूनच काढतो. ओपनएसएसएल लेगसी प्रोव्हायडरचा पर्याय देऊन बिल्ड होते, आणि गल्लोगल्ली तेच उत्तर चालतं. पण ती तात्पुरती ठिगळपट्टी आहे. वेबपॅक ५ वर जाणं किंवा बिल्डचं साधन बदलणं हा इलाज. तोपर्यंत नोडचं व्हर्जन प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवा, एनव्हीएमच्या (नोडची व्हर्जनं बदलणाऱ्या साधनाच्या) फाइलमध्ये आणि पॅकेजच्या इंजिन्स रकान्यात, म्हणजे सगळ्या लॅपटॉपांवर एकच राहील.

नोडच्या पोटातली आणखी एक वस्तू मराठी साइट बनवणाऱ्याने ओळखून ठेवायलाच हवी: आयसीयू, म्हणजे भाषेनुसार आकडे आणि तारखा मांडणारा भाग. नोड १२ पर्यंतच्या अधिकृत बिल्डमध्ये तो फक्त इंग्रजीपुरता होता. सर्व्हरवर मराठी-भारत लोकेल देऊन एक लाख तेवीस हजार चारशे छप्पन ही रक्कम छापली, तर ती इंग्रजी आकड्यांत आणि तीन-तीनच्या गटांत येई, कारण मराठी तिथे नव्हतीच. १३ पासून पूर्ण आयसीयू येऊ लागला. मग १२ वरून १४ वर गेलेल्या बिलिंगमध्ये तीच ओळ १,२३,४५६ असं छापते. बिलावर हे सुंदरच दिसतं, असंच हवं. पण ती छापील रक्कम पुढे सीएसव्हीत जात असेल तर एक्सेल बेरीज करत नाही, आणि जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटला देवनागरी आकडे समजत नाहीत, तो "नॉट अ नंबर" परत देतो. एकूण रकमेच्या जागी रिकामा किंवा शून्य दिसतं आणि एरर कुठेच नोंदवली जात नाही. दुरुस्ती दोन ठिकाणी करा. पहिली, छापण्यासाठी सजवलेली रक्कम परत हिशोबात कधीही घेऊ नका. दुसरी, मराठी मांडणी पण इंग्रजी आकडे हवे असतील तिथे नंबरिंग सिस्टिम लॅटिन असं स्पष्ट सांगा. मग गट लाख-हजाराचेच राहतात आणि आकडे इंग्रजी येतात.

हा मेजर बदल होता, म्हणून एक वेळ समजून घेता येईल. पण आयसीयू ७२ हा नोड १८ च्या एलटीएस ओळीतच, १८.१३ या मायनरमध्ये आला. त्याने अमेरिकन इंग्रजी वेळेत आकडा आणि एएम-पीएम यांच्यामधली साधी स्पेस काढून अरुंद, न तुटणारी स्पेस घातली. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण वेळेची ती ओळ साध्या स्पेसवर तोडणारा कोड दोन तुकडे न मिळाल्याने अडखळतो, आणि अपॉइंटमेंटची वेळ अशीच तोडणारे कमी नाहीत. वेळेचे भाग वेगळे हवे असतील तर फॉरमॅट-टू-पार्ट्स वापरा, ओळ कापू नका. एलटीएस म्हणजे काहीच बदलणार नाही असं नसतं. भाषेचा आणि टाइमझोनचा डेटा तिथेही बदलतो आणि बदललाच पाहिजे.

मग नवा रिलीज कधी घ्यायचा? साधा नवा रिलीज आठ दिवस पडू द्या. ८ सप्टेंबर २०२५ ला चॉक आणि डीबग यांसारख्या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या पॅकेजांची घातकी व्हर्जनं एनपीएमवर चढली आणि काही तासांतच काढली गेली. आठवडाभर थांबणाऱ्याच्या वाटेला ती येऊच शकत नव्हती. पीएनपीएममध्ये (एनपीएमच्या जागी वापरायचं साधन) १०.१६ पासून मिनिमम रिलीज एज हा पर्याय आहे, त्यात मिनिटं लिहायची: एक दिवस म्हणजे १४४०, सात दिवस म्हणजे १००८०. रेनोव्हेट आणि डिपेंडाबॉट या आपोआप अपडेट सुचवणाऱ्या साधनांमध्येही अशी थांबण्याची सोय आहे.

पण हाच नियम सुरक्षेच्या दुरुस्तीला लावला तर घात होतो. मार्च २०२५ मध्ये नेक्स्टजेएसच्या (रिअ‍ॅक्टवरचं फ्रेमवर्क) मिडलवेअरला, म्हणजे पानाआधी विनंती तपासणाऱ्या कोडला, एक हेडर पाठवून लॉगिनची तपासणी टाळता येते असं उघड झालं. डिसेंबर २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या सर्व्हर कॉम्पोनंटमध्ये परक्या माणसाला सर्व्हरवर कोड चालवता येईल अशी त्रुटी निघाली. अशा वेळी त्याच दिवशी अपडेट. आणि इथे जुन्या ओळीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. नेक्स्टच्या त्या त्रुटीची दुरुस्ती १५.२.३ आणि १४.२.२५ मध्ये आलीच, शिवाय १३.५.९ आणि १२.३.५ मध्येही दिली गेली. १२ वर बसलेल्याला फक्त एक पॅच चढवावा लागला, तीन मेजर उड्या माराव्या लागल्या नाहीत. रिअ‍ॅक्टनेही १९.०.१, १९.१.२ आणि १९.२.१ अशा तिन्ही ओळींत दुरुस्ती दिली. देखभाल करणाऱ्यांचं हे काम कष्टाचं असतं, बाहेरून दिसत नाही. मला ते नव्या फीचरपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

ठरलेल्या अपडेटचा महिना मात्र लायब्ररीच्या वेळापत्रकाने ठरवू नका. नोड एप्रिल-ऑक्टोबरचा, जँगोचा एलटीएस एप्रिलचा. संत्र्याचा आंबिया बहार ऑक्टोबर ते डिसेंबर बाजारात येतो, मृग बहार फेब्रुवारी ते एप्रिल. अडत्याच्या बिलिंगला या महिन्यांत हात लावायचा नाही. त्याची खिडकी मे ते ऑगस्ट. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून शाळेच्या फी पोर्टलला एप्रिलपासून जुलैच्या मध्यापर्यंत शांत ठेवायचं आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काम काढायचं. एप्रिलचा जँगो एलटीएस जुलैत घेतला तर तोवर त्याचे दोन-तीन पॅचही आलेले असतात, हा वरचा फायदा.

खिडकीत कामाचा क्रम असा ठेवा. आधी काहीही न बदलता, आहे त्याच लॉकवर, दुसऱ्या मशीनवर प्रोजेक्ट उभा राहतो का ते बघा. निम्मे प्रोजेक्ट इथेच अडखळतात, आणि तो दोष नव्या व्हर्जनवर ढकलला जातो. मग सगळे पॅच एका कमिटमध्ये. मग मायनर एका कमिटमध्ये. मग मेजर, एका वेळी एकच, प्रत्येकाचा वेगळा कमिट, आणि प्रत्येकानंतर लॉगिन, एक खरी पावती, एक पीडीएफ, एक एक्सपोर्ट एवढं हाताने करून बघणं. तीन मेजर एकदम चढवले आणि पीडीएफ रिकामी आली तर कुणामुळे आली हे शोधण्यात दिवस जातो. एनपीएम डिफ कमांडने दोन व्हर्जनांमधला खरा कोडफरक दिसतो. चेंजलॉग त्रोटक असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

आणि हे सगळं कोटेशनमध्ये लिहा. एएमसीच्या कागदावर बॅकअप आणि होस्टिंगच्या खाली चार रकान्यांचा तक्ता पुरतो: कुठली लायब्ररी, कुठली ओळ, आधार कधी संपतो, अपग्रेड कोणत्या महिन्यात. नोड २२, एप्रिल २०२७. नोड २४, एप्रिल २०२८. जँगो ५.२, एप्रिल २०२८. अडत्याला नोड काय ते ठाऊक नसतं, पण मुदत संपण्याची तारीख त्याला नेमकी कळते. गाडीचा विमा तो तारखेनेच भरतो.